नवरा म्हणतो दुर्लक्ष कर, मी म्हणते गाव सोडू : नेब्रास्कातल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि माझं काही समजायचं राहिलं असेल तर तुम्ही सांगालच. तुम्ही साताऱ्याच्या, मिस्टर चायनीज-अमेरिकन, त्यांच्या घरातली ही चौथी पिढी, जन्म कॅलिफोर्नियातला. ते फार्मासिस्ट, त्यांच्या नोकरीसाठी शिकागो सोडून नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात आलात. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. स्कूल बसमध्ये मोठी मुलं मुलाला डोळे ताणून दाखवतात, कुत्रा खातोस का विचारतात, त्याच्या शेजारी कुणी बसलं की व्हायरस लागेल म्हणून ओरडतात. गावाबाहेर घरासकट थोडी जागा बघितलीत तर ती तुम्ही चीनसाठी घेताय अशी कुजबुज सुरू झाली. मिस्टर म्हणतात लक्ष देऊ नकोस, तुम्ही म्हणता परत शिकागोला जाऊ, आणि शेवटी विचारलंय की आमच्यात बरोबर कोण.

मी मिडवेस्टमध्येच स्कूल काउन्सेलर आहे, बरीच वर्षं ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये काढलीयेत. अशी घरं पाहिलीयेत, चायनीज बायको आणि गोरा नवरा, उलटंही, आणि गोऱ्या शेतकरी घरात वाढणाऱ्या, चीनहून दत्तक आणलेल्या मुलीही खूप. मराठी-चायनीज घर मात्र क्वचितच. वकील नाहीये मी, त्यामुळे कायद्याचं जे लिहीन ते शाळेच्या बाजूने रोज जे बघते तेवढंच.

बरोबर कोण याचं उत्तर मी देणार नाही, कारण तुमचं दोघांचं भांडण मोठ्या माणसांबद्दल आहे, गाव आपल्याला स्वीकारतंय का, आपण टिकायचं का, आणि त्या भांडणात मुलगा रोज सकाळी त्याच बसमध्ये चढतोय. माझ्या अनुभवात मुलांना सगळ्यात जास्त लागतं ते चिडवणं नाही. चिडवलं जात असताना मोठं माणूस बघत होतं आणि काही बोललं नाही, हे लागतं. त्यामुळे माझ्यासाठी खरा प्रश्न असा आहे की मुलाला त्रास झाला की मोठ्यांपैकी कोण उभं राहतं आणि ते उभं राहिलेलं त्याला दिसतं का. जायचं की राहायचं हे त्याच्या नंतर.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. कुणी धमकी दिलीये का, घराची गाडीची नासधूस, पाठलाग, असं काही असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा, शेरीफकडे जा आणि रिपोर्टचा नंबर घेऊन या. मुलगा झोपतो-जेवतो का, की शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि शनिवारी दुखत नाही? त्याला एक तरी मित्र आहे का जो घरी येतो? मिस्टरांचं काँट्रॅक्ट मधेच मोडता येतं का? या उत्तरांवर बरंच बदलतं. मी धमकी नाही, पोटदुखी थोडी आहे आणि एक मित्र आहे असं धरून लिहिते.

मिस्टरांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या लिहिण्यात त्यांच्यावरचा राग बसमधल्या पोरांपेक्षा जास्त दिसला मला. तुम्ही साताऱ्यात वाढलात म्हणजे भाषा तुमची, आडनाव ओळखीचं, रस्त्यावर कुणी तू मूळचा कुठला विचारत नव्हतं. तुम्हाला हे आयुष्यात पहिल्यांदा होतंय, आणि तेही तुमच्या पोटच्या मुलाला, म्हणून आग होते. त्यांना हे बालवाडीपासून माहितीये. कॅलिफोर्नियातल्या चौथ्या पिढीचा माणूस म्हणजे त्यांचे पणजोबा बहुतेक त्या काळात आले जेव्हा चिनी मजुरांना येऊच द्यायचं नाही असा कायदा होता, 1882 चा, तो 1943 साली उठला आणि उठल्यावरही वर्षाला 105 जणांचा कोटा. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत जन्माच्या नोंदी जळल्या, खरं-खोटं तपासायला काही उरलं नाही, त्यानंतर कितीतरी माणसं दुसऱ्याचा मुलगा म्हणून कागद करून आली आणि खोट्या आडनावाने जगली. त्यांना पेपर सन म्हणायचे. अशा घरांत पोरांना पहिला धडा हाच असायचा की तोंड उघडायचं नाही, लक्ष वेधून घ्यायचं नाही, एकाने तोंड उघडलं तर अख्खं घर परत जाईल. धोका गेला तरी सवय दोन-तीन पिढ्या मागे राहते. मिस्टरांच्या घरात हे झालं असेलच असं नाही, पण विचारा त्यांना, आरोप म्हणून नाही, मुलं झोपल्यावर, की तू नऊ वर्षांचा असताना बसमध्ये काय व्हायचं आणि तेव्हा तुझे बाबा काय म्हणाले. मी माझ्यासमोर बसलेल्या वडिलांना हे विचारते तेव्हा बरेचदा बायकोने ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. त्यांचं दुर्लक्ष कर म्हणजे भित्रेपणा नव्हे, त्यांच्याकडे तेवढंच एक हत्यार होतं आणि ते त्यांच्यापुरतं चाललं. मुलासाठी पुरणार नाही हे मात्र त्यांना सांगायला लागेल, कारण मुलगा बाबांच्या गप्प बसण्यातून एवढंच शिकतो की हे असंच असतं.

आणि एक, मिश्र घरातल्या मुलांचं जे एकाच रंगाच्या घरात होत नाही. तुमच्या मुलाकडे पळवाट आहे. तो बसमध्ये म्हणू शकतो की मी चायनीज नाही, मी इंडियन आहे. म्हणत असेलही. वरवर ती हुशारी वाटते पण त्याची किंमत म्हणजे बाबा. मग हळूहळू बाबांनी शाळेत येऊ नये असं वाटायला लागतं, आजीचे डंपलिंग डब्यात नको होतात, आरशासमोर डोळे मोठे करून बघणं सुरू होतं. हे दिसलं तर ओरडू नका आणि असं नाही बोलायचं म्हणून लेक्चरही देऊ नका, पण बघून न बघितल्यासारखंही करू नका. साधं म्हणा, ते म्हटलं की थांबतात का रे ती मुलं? तो बोलेल. मग एवढंच की तुझ्यात दोन्ही आहे आणि कुणाला काय सांगायचं ते तू ठरव, पण घाबरून एखादं लपवायला लागत असेल तर ते थांबवणं आमचं काम.

याच ओघात आपल्या लोकांचंही बोलते, राग मानू नका. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याची आत्या किंवा काकू हसत हसत म्हणते ना, नाक अगदी चायनीज गेलंय हं, गोरी आहे पण नकटी आहे, आमची चिंकी कुठंय. पुण्यात-मुंबईत ईशान्येकडच्या मुलामुलींना हेच ऐकावं लागतं आणि 2020 मध्ये तर त्यांना रस्त्यात कोरोना म्हणून हाका मारल्या लोकांनी. मुलगा मराठी समजतो म्हणालात, म्हणजे बसमध्ये जे ऐकतो तेच घरच्या फोनवर प्रेमाने ऐकतोय. तिथे तुम्हीच बोलायचं, मुलासमोर, कॉल चालू असताना. नंतर खासगीत काकूंना समजावलं तर काकूंना कळतं, मुलाला काहीच दिसत नाही.

आता शाळा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे कारण इथेच खरोखर काही करता येतं.

पहिलं म्हणजे त्या मुलांच्या आयांना जाऊन भेटू नका, फोन नको, मेसेजही नको. शिकागोत समोरची बाई परत कधी दिसली नाही तरी चालतं, इथे गाव म्हणजे आपल्याकडच्या आळीसारखं आहे, तीच बाई शुक्रवारी फुटबॉलच्या मॅचला तुमच्या मागच्या बाकावर असणार आणि तिचाच दीर बर्फ पडल्यावर रस्ता साफ करायला येणार. तिला थेट भिडलात की पहिल्या पाच मिनिटांत विषय तिच्या पोराचं वागणं न राहता तुमचा सूर होतो, आणि संध्याकाळपर्यंत गावभर जातो. शाळेच्या कागदावर आलं की ते तुमचं आणि तिचं राहत नाही, शाळेचं होतं.

म्हणून मेल, प्रिन्सिपलला. फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेल, की आज आपलं हे हे बोलणं झालं. त्यात तारीख, बस सकाळची की दुपारची, मुलगा कुठल्या सीटवर होता, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं, घाण शब्द असला तरी तोच शब्द, डोळे ताणले म्हणजे काय केलं ते, आजूबाजूला कोण होतं, ड्रायव्हरने ऐकलं असावं का. आम्हाला खूप दुःख झालं वगैरे एका ओळीत पुरे. बुलिंग हा शब्द वापरलात तर सोबत वंशावरून होणारा त्रास हेही स्पष्ट लिहा, कारण नुसतं बुलिंग म्हटलं की शाळा दोन पोरांचं भांडण म्हणून दोघांना बसवून सॉरी म्हणायला लावते, माझ्या डोळ्यांसमोर हे कितीदा झालंय. वंशाचा उल्लेख आला की विषय 1964 च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या टायटल सिक्समध्ये, म्हणजे वंशभेदाविरुद्धच्या कलमात, जातो, फेडरल पैसा घेणाऱ्या शाळेला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पब्लिक स्कूलला, माहिती असून गप्प बसता येत नाही. कायद्याचं नाव पहिल्या मेलमध्ये टाकायची गरज नाही, प्रिन्सिपल ते ओळखतात, आणि पहिल्याच मेलला कायदा फेकला की समोरचं माणूस मदत करायच्या आधी स्वतःला वाचवायला लागतं.

मागायचं काय हेही नेमकं लिहा. बसमध्ये कॅमेरा असेल, बऱ्याच बसमध्ये असतो, त्याचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून अमुक तारखेचं फुटेज जपून ठेवा असं लेखी मागा. तुम्हाला दाखवतील असं नाही, त्यात इतर मुलं असतात, पण प्रिन्सिपलने बघितलं पाहिजे. दुसरं, सीट. शाळांची एक आवडती युक्ती असते, त्रास होणाऱ्या मुलाला उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवायचं. म्हणजे शिक्षा त्यालाच. सीट बदलायची तर त्रास देणाऱ्यांची बदला असं म्हणा, न लाजता. तिसरं, कुठल्या दिवसापर्यंत उत्तर देणार ते विचारा आणि त्या दिवशी आठवण करा. उत्तर नाही आलं तर सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचा प्रमुख, मग स्कूल बोर्ड. बोर्डातला एखादा मेंबर त्याच पोराचा मामा निघू शकतो, छोट्या गावात निघतोच, म्हणून तर कागद लागतो. त्याच्या वर फेडरल एज्युकेशन डिपार्टमेंटचं सिव्हिल राइट्स ऑफिस, तिथे घटनेपासून साधारण 180 दिवसांत तक्रार करावी लागते. 2025 मध्ये त्या ऑफिसात मोठी कपात झालीये, त्यामुळे तिथून पटकन काही हलेल या भरवशावर बसू नका, पण तारीख डोक्यात ठेवा.

बस ड्रायव्हरला विसरू नका. ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये बस ड्रायव्हर, ऑफिसातली सेक्रेटरी आणि कोच ही तीन माणसं प्रिन्सिपलपेक्षा जास्त चालवतात. ड्रायव्हर बहुतेक रिटायर्ड शेतकरी किंवा कुणाची तरी आजी असते, मागे चाललेलं सगळं तिला ऐकू येत नाही किंवा आलं तरी गाडी चालवू की भांडणं सोडवू असं होतं. एकदा सकाळी मिस्टरांनी बसपाशी उभं राहून नाव सांगून हात मिळवावा, माझा मुलगा, जरा लक्ष ठेवाल का, एवढंच. मी मुद्दाम मिस्टर म्हणतेय. गावातलं अर्धं औषध त्यांच्या काउंटरवरून जातं, लोक त्यांना ओळखतात. आणि मुलगा खिडकीतून बघत असेल की बाबा बोलले, गप्प नाही बसले.

जमिनीचं प्रकरण वेगळं आहे आणि ते हवेतून आलेलं नाही, तेवढं समजून घ्या. 2022 मध्ये नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सला फुफेंग नावाच्या चिनी कंपनीने मक्याच्या मिलसाठी 370 एकर घेतली, जवळ एअर फोर्सचा तळ, प्रचंड गदारोळ, फेब्रुवारी 2023 मध्ये सिटी कौन्सिलने प्रोजेक्ट बंद केला. त्याच वर्षी फ्लोरिडाने चिनी नागरिकांच्या जमीन खरेदीवर बंधनं आणली आणि आणखी राज्यांनीही तसे कायदे केले. अमेरिकेत परदेशी लोकांच्या मालकीची जेवढी शेतजमीन आहे त्यातला चिनी वाटा एक टक्क्याच्याही आत आहे, पण फीड स्टोअरमध्ये, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, कॉफी पिताना आकडे कुणी बोलत नाही, त्यांच्या समोर एक चिनी चेहरा आणि एक सेल बोर्ड असतो. तुमचे मिस्टर जन्माने अमेरिकन, हे कायदे त्यांना लागूच नाहीत. तरी गावाच्या फेसबुक ग्रुपवर खुलासा टाकायला जाऊ नका, खुलासा टाकला की लोकांना वाटतं काहीतरी असणार. त्यापेक्षा ज्यांचं तोंड चालतं अशा एक-दोन माणसांना, फार्मसीतली जुनी स्टाफ असेल, बँकेतली बाई असेल, सहज सांगा की पोरांना कोंबड्या पाळायच्यात म्हणून बघतोय. खरेदी झाली तर डीड, म्हणजे खरेदीखत, काउंटीच्या ऑफिसात कुणालाही बघायला मिळतं आणि तिथे तुमची दोघांची नावं असतील, ते आपोआप कळतं गावात. विकणाऱ्याने किंवा एजंटने वंश बघून घर नाकारलं तर मात्र तो 1968 च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टचा विषय, वर्षभरात तक्रार करता येते, तेव्हा एजंटचे मेसेज डिलीट करू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे घरात आधी दोघांचं एक व्हायला हवं, आपल्या माणसांना मुलासमोर थांबवायचं, शाळेशी कागदावर, जमिनीबद्दल फार बोलायचं नाही. राहिला मुलगा आणि जायचं की नाही ते.

मुलाला बसमध्ये म्हणायला एक-दोन वाक्यं द्या, घरात मोठ्याने म्हणून बघू दे. विनोद करून उलट मारणं काही मुलांना जमतं, सगळ्यांना नाही, आणि मोठ्या मुलांसमोर ते अंगाशी येतं. नुसतं थांब, हे घाण आहे, मी सांगणार आहे, आणि खरंच सांगायचं. चुगली म्हणजे दुसऱ्याला अडकवायला सांगणं, आपला त्रास थांबावा म्हणून सांगणं ती चुगली नव्हे, नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो. मित्र आहे त्याच्या घरी फोन करून दोघांना एकत्र बसायला सांगा, शेजारी एक जण असला तरी निम्मं कमी होतं. बसखेरीज दुसरीकडे कुठेतरी तो चांगला असला पाहिजे, फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबमध्ये ससे, कुस्ती, काहीही, जिथे इतर मुलांना तो चायनीज म्हणून नाही तर सशांचं कळणारा म्हणून माहिती असेल.

आणि इतिहास द्या त्याला, बसमधल्या पोरांच्या आधी. वाँग किम आर्क नावाचा स्वयंपाकी होता, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चीनला जाऊन परत आला तर उतरू देईनात, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1898 मध्ये जिंकला. इथे जन्मलेला इथला नागरिक, हे त्याच्या नावावर पक्कं झालं. तू खरा कुठला हा प्रश्न बाबांना अजून विचारतात त्याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. ओरेगनमध्ये जॉन डे म्हणून अगदी आडगाव आहे, तिथे 1880 च्या दशकापासून इंग हे नावाचा चिनी वैद्य जडीबुटीची औषधं द्यायचा, त्याचा पार्टनर लुंग ऑन दुकान बघायचा, आजूबाजूचे गोरे गुराखी त्याच्याकडेच औषधाला यायचे, ते दुकान आता सरकारने म्युझियम म्हणून जपलंय. बाबांचाच धंदा! पण ही गोष्ट सांगताना जपून, त्यातून आपण उपयोगी पडलो की लोक चांगले वागतात असा अर्थ निघू देऊ नका. त्याच दशकात, 1885 मध्ये, तुमच्या शेजारच्याच वायोमिंगमध्ये रॉक स्प्रिंग्जला 28 चिनी खाणकामगारांना मारलं, ते पण उपयोगीच होते, आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. हे नऊ वर्षांच्याला आत्ताच सगळं सांगायची गरज नाही, तुम्ही दोघांनी माहिती ठेवा. आणि तुमच्या नेब्रास्कात तर गोऱ्या माणसाने चिनी किंवा जपानी माणसाशी लग्न करणं 1963 पर्यंत बेकायदा होतं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी हाच कायदा चालू होता. त्यांना माफ करा असं म्हणत नाही, फक्त कितीशा मागची गोष्ट आहे ते लक्षात यावं म्हणून.

जायचं का? शिकागोला गेलात तर बसमध्ये आणखी पाच एशियन मुलं असतील, एखादा घाण बोलला तर पोरगा एकटा पडणार नाही, हा फरक छोटा नाहीये आणि कुणी तुम्हाला पळून गेलात म्हणालं तर म्हणू दे. पण आत्ता, शाळेला एकही लेखी मेल गेलेला नसताना निघालात तर मुलाच्या डोक्यात एवढंच राहील की माझ्यामुळे घर हललं. म्हणून मी असं करीन की आज मेल, आणि या शालेय वर्षाचा शेवट ही तारीख दोघांनी मिळून ठरवायची. तोपर्यंत बघायचं की शाळेने सांगितलं ते केलं का, पोटदुखी कमी झाली का, त्याच्या वाढदिवसाला पोरं येतात का, आणि मिस्टर स्वतः एकदा तरी शाळेत जाऊन बसले का. प्रिन्सिपल टोलवाटोलवी करतायत, मुलगा आणखी आत चाललाय असं दिसलं तर शालेय वर्ष संपायची वाटही बघू नका, निघा, आणि मुलाला स्पष्ट सांगा की इथल्या मोठ्या माणसांनी त्यांचं काम केलं नाही म्हणून आपण चाललोय, तू काही केलं नाहीस. उलट शाळा नीट वागली, ड्रायव्हर लक्ष ठेवायला लागली, तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. मुलगी पाच वर्षांची आहे, तीही आता त्याच बसमध्ये चढणार, ते दोघांनी हिशोबात धरा.

मेलचा मसुदा झाला की नावं गाळून मला पाठवा, बघून देईन. फुटेज जपून ठेवा ही दोन ओळींची मेल मात्र मसुद्यासाठी थांबवू नका, ती आज संध्याकाळीच जाऊ द्या.